आठ आठवड्यांचा भंडारा

आमच्या राजुरीत माझ्यापेक्षा माझी गादी जास्त प्रसिद्ध आहे. निळ्या पट्ट्यांची, कापसाची, आईनं दोनदा पिंजून घेतलेली साधी गादी. दहावीनंतर डिप्लोमाला पुण्याला गेले तेव्हा ती माझ्याबरोबर होस्टेलला गेली, आणि चार महिन्यांनी माझ्याबरोबर परत आली. मार्केटला टोमॅटो टाकून माघारी येणाऱ्या पिकअपमध्ये रिकाम्या क्रेटवर ती उभी केलेली होती. सकाळची दहाची वेळ, स्टँडवर ही गर्दी. मी ड्रायव्हरशेजारी मान खाली घालून बसले होते, तरी गादीवरून सगळ्यांनी ओळखलं. पुढं कितीतरी दिवस लोक मला काही विचारायचे नाहीत, वडिलांना विचारायचे, "काय राव, गादी आली म्हणं परत?"

मी का परत आले, ते आता सांगायला लाज वाटत नाही. वर्गात मी "व्हतं" म्हणाले की मागच्या बाकावरून तेच "व्हतं" माझ्याच आवाजात परत यायचं. मग मी बोलणंच कमी केलं. बोलणं कमी झाल्यावर विचारणं बंद झालं, विचारणं बंद झाल्यावर कळणं बंद झालं, आणि एक दिवस मी गादी गुंडाळली. घरी सांगितलं, तब्येत बरी नव्हती. तब्येतीला काही धाड भरली नव्हती. मी पळून आले होते.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांनी तेव्हा एक शब्द विचारला नाही. त्यांनी गादी उन्हात टाकली, झटकली आणि माळ्यावर ठेवून दिली. त्यांनी रागावायला हवं होतं असं मला फार वाटायचं. रागावले असते तर मलाही उलटून बोलता आलं असतं.

नंतर मी आळेफाट्याला मामांच्या दुकानात बसायला लागले. दुकान शेतीच्या यंत्रांचं. फवारणीचे पंप, कडबाकुट्टी, तण काढायचे पॉवर विडर, आणि या सगळ्यांचे सुटे भाग. निम्मा माल चीनचा. खोक्यात यंत्राबरोबर एक पातळ चिनी पुस्तिका यायची, ती आम्ही यंत्राबरोबर गिऱ्हाइकाला देऊन टाकायचो आणि गिऱ्हाईक ती चुलीला लावायचं. मोबाइलचा कॅमेरा धरला तर भाषांतर यायचं, पण ते असं, "कृपया तेलास राग येऊ देऊ नये." हसून हसून आमची पुरेवाट व्हायची.

एक दिवस हसणं अंगाशी आलं. शिनोलीचे एक शेतकरी विडर टेम्पोत घालून घेऊन आले. इंजिन जाम. तेल कोणतं घालायचं आणि किती, हे त्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि आम्ही त्यांना अंदाजानं भलतंच सांगितलं होतं. ते ओरडले नाहीत. पुस्तिका जपून ठेवलेली त्यांनी, प्लास्टिकच्या पिशवीत. ती काउंटरवर ठेवून म्हणाले, "ताई, मला न्हाई वाचता येत. तुमालाबी न्हाई येत व्हय?"

मामांनी इंजिन बदलून दिलं. मला मात्र तो प्रश्न काही गिळता येईना. मी तशी तापट आहे. माझा राग लोकांवर निघाला नाही की कुठल्यातरी कामावर निघतो. त्या दिवसापासून मी चिनी शिकायला लागले. आधी मोबाइलवर, मग जुन्या वह्यांत चौकोन आखून. दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर बसून अक्षरं गिरवायची. गावात कळल्यावर जो तो विचारायचा, "काय, फाट्यावर चायनीजची गाडी टाकती का?" ही कोटी आपल्यालाच पहिल्यांदा सुचली असं त्यातल्या प्रत्येकाला वाटायचं.

वर्षभरानं मला कळून चुकलं की एकटीनं यापुढं सरकत नाही. पुण्यात एका संस्थेचा उन्हाळी वर्ग होता. आठ आठवडे तिथंच राहायचं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त चिनी. मी अर्ज केला, फोनवर त्यांनी माझी परीक्षा घेतली आणि माझं नाव लागलं. पत्राबरोबर एक शपथपत्र आलं होतं. या आठ आठवड्यांत मी चिनीशिवाय दुसरी भाषा बोलणार नाही, असं लिहून खाली सहीची जागा.

ओसरीत बसून मी ते घरी वाचून दाखवलं. आईचं पहिलं म्हणणं, "मग फोनवर काय बोलशील?" अण्णा मात्र शपथपत्राकडं बघून हसले.

"सही केली म्हंजी शपथ झाली व्हय? शपथ अशी कागदावर आसती का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ते मला मळ्याच्या वाटेवरच्या खंडोबाच्या देवळात घेऊन गेले. आमच्याकडं कुठलीही गोष्ट पक्की ठरवायची तर भंडारा उचलतात. देवापुढची हळद हातात घेऊन एकदा बोललं की ते बोलणं मोडायचं नाही. ती हळद मग कागदाच्या पुडीत जपायची आणि शब्द पुरा झाल्यावर देवाला परत आणून वाहायची, त्याला उतरवणं म्हणतात. अण्णांनी तंबाखू अशीच सोडली होती, आणि त्यांच्या धाकट्या भावाशी असलेली कोर्टकचेरीही अशीच मिटवली होती. गुरवानं माझ्या ओंजळीत भंडारा दिला. अण्णा एकेक शब्द सांगत गेले आणि मी मागून म्हणत गेले. आठ आठवडे चिनीबिगर दुसरी भाषा बोलणार नाही. मधनं परत येणार नाही. हे दुसरं वाक्य शपथपत्रात नव्हतं, अण्णांनी ते स्वतःहून जोडलं. माझी पुडी घरी देव्हाऱ्यात ठेवली.

निघायच्या दिवशी गादी पुन्हा माळ्यावरून खाली आली. मोटारसायकलवर मागं मी, माझ्या मांडीवर गादी. स्टँडवरच्या ज्या हॉटेलात अण्णा गेली तीसेक वर्षं रोज सकाळी चहा पितात, तिथं त्यांनी गाडी थांबवली. बाकड्यावरच्या एकानं लगेच विचारलं, "पावणं, गादी परत कधी आणायची? गाडी पाठवायची का?"

अण्णांनी गाडी बंद केली. "आठ आठवड्यांनी येईल. त्याच्या एक दिस आदी आली, तर मी या हाटेलात पुन्ना पाय ठेवणार न्हाई. आनि येईपत्तूर च्या बी पिणार न्हाई."

भंडारा माझा होता, पण पैज त्यांनी लावली होती. बाकड्यावरचे लोक हसले नाहीत. अण्णा कमी बोलतात, आणि बोललेलं करतात, हे त्यांना माहीत होतं.

पुण्यात पोचल्यावर संस्थेत सगळ्यांनी शपथपत्रावर सह्या केल्या आणि मला तेव्हा कळलं की त्याला दुसरं पानही आहे. दर रविवारी घरच्यांशी दहा मिनिटं आपल्या भाषेत बोलायची मुभा. आजारपणात मुभा. पाहुणे भेटायला आले तर मुभा. मी ओसरीत पहिलं पान वाचून थांबले होते, आणि खंडोबापुढं एकाही सवलतीचं नाव निघालं नव्हतं. आता देवाला कोण सांगणार, की थांब, दुसरं पान राहिलं?

दुसऱ्या मुलांनी शपथेचं फार मनावर घेतलं नव्हतं. जिन्यात हिंदी चालायची, बाथरूममध्ये मराठी, आणि गच्चीवर इंग्रजी. मी एकटी अशी, की पाय घसरला तरी "आई गं" गिळायचे. पहिल्या आठवड्यात मला फक्त "भूक लागली", "कळलं नाही" आणि "हे काय आहे" एवढंच धड बोलता यायचं. दिवसभर माणूस तीन वाक्यांत जगू शकतो, हे मला तिथं कळलं. कपडे वाळत घालताना दोरीवरच्या कपड्यांची नावं घ्यायची, जेवताना ताटातल्या पदार्थांची. वांग्याला चिनीत काय म्हणतात हे मला अजून झोपेतून उठवलं तरी सांगता येईल, कारण तिथं रोज वांगंच असायचं.

रोज चाळीस नवी अक्षरं पाठ करायची आणि सकाळी आठला ती न बघता लिहून दाखवायची. वर्गात संगणकवाला एक होता, वकिलीची एक मुलगी होती, दोघंतिघं परदेशी जाऊन आलेले. पहिल्या दिवशी त्यांचे बूट बघूनच मी मागच्या बाकावर जाऊन बसले होते. पण तोंड उघडल्यावर बघते तर काय, "काल मी बाजारात जातो आणि सफरचंद मोठा आहे," असं तो संगणकवाला घाम पुसत बोलत होता. चिनीत आम्ही सगळेच गावंढळ. माझ्या "व्हतं"ला हसायला तिथं कुणाला सवडच नव्हती. तो दिवस मला फार आवडला.

तरी माझं एक अडलं होतं. चिनीत शब्द नुसता म्हणून भागत नाही, सूर लावावा लागतो. एक सपाट, एक चढता, एक खाली जाऊन वर येणारा आणि एक धाडकन खाली पडणारा. आम्हाला शिकवणाऱ्या बाई पुण्याच्याच होत्या, पण बारा वर्षं चीनमध्ये राहून आलेल्या. त्या मला रोज सांगायच्या, "तुला अक्षरं येतात, व्याकरण येतं. पण तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. आवाज बाहेर काढ. तू घाबरलीस की तुझे चारही सूर सपाट होतात." हे सगळं त्या चिनीत सांगायच्या आणि मी सपाट चिनीत "हो" म्हणायचे. डिप्लोमाच्या चार महिन्यांत आवाज दाबायची जी सवय लागली होती, ती इथंही माझ्याबरोबर राहायला आली होती. शेवटची परीक्षा तोंडी असणार होती. सूर लागले नाहीत तर नापास, आणि नापास होऊन आठ आठवड्यांनी गेलेली गादी पळून आलेल्या गादीपेक्षा फार वेगळी दिसत नाही.

रविवारी आईचा फोन यायचा. मी मराठीत बोलायचं नाही म्हटल्यावर आईनं तोड काढली. ती बोलायची आणि मी "हं" म्हणायचे. "हं" कुठल्याच भाषेचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं, आणि खंडोबानं त्यावर काही हरकत घेतली नाही. आई दहा मिनिटं एका दमात सगळं सांगायची. गाय व्याली, टोमॅटोला भाव बरा आहे, शेजारच्यांच्या उसात बिबट्याची दोन पिल्लं सापडली, वनखात्याची माणसं आली होती. मी वेगवेगळे "हं" करायचे. शेवटी ती म्हणायची, "चांगलं बोललीस हां आज," आणि फोन ठेवायची.

सहाव्या आठवड्यात अण्णा भेटायला आले. बाहेर फाटकाजवळ कडुलिंबाखाली एक सिमेंटचं बाकडं होतं, त्यावर पायजम्याच्या घड्या सावरत बसले होते. शेजारी आंब्यांची पिशवी आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. मी धावत गेले, पाया पडले आणि चिनीत विचारलं, "तुम्ही कसे आहात?" ते म्हणाले, "बरं बरं. खा."

फडकं सोडलं आणि मी थांबले. आईची भाकरी मी डोळे झाकून ओळखते. पातळ, कडेपर्यंत सारखी, पापुद्रा सुटलेली. ह्या भाकऱ्या बोटभर जाड होत्या, एक कड करपलेली, दुसरी कच्ची, आणि वर हाताच्या पाची बोटांचे ठसे. मी अण्णांचा हात धरून उलटा केला. दोन बोटांवर भाजल्याचे फोड होते.

अण्णांनी आयुष्यात भाकरी केली नव्हती. चहासुद्धा त्यांना हॉटेलात मिळायचा आणि घरी आई करायची. आई घरात उभी असती तर तिनं त्यांना चुलीपाशी फिरकू दिलं नसतं.

मी चिनीत विचारलं, आईला काय झालं? त्यांना शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला. त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. मी फाटकातून जाणाऱ्या बाईंना हाक मारली आणि चिनीत विनवलं, यांना विचारा, घरी आई कशी आहे. बाईंनी मराठीत विचारलं. अण्णा म्हणाले, "तिची आई दर रविवारी फोनवर बोलती की." ते खोटं नव्हतं. अण्णा खोटं बोलत नाहीत, पण खरं बोलायचं नसलं की असंच काहीतरी बोलतात.

तेवढ्यात त्यांच्या शर्टाच्या खिशात मला पिवळी पुडी दिसली. मला वाटलं, देव्हाऱ्यातली माझीच आणली. देवळात नेऊन नाही, तर इथंच माझी शपथ उतरवायला आले, म्हणजे घरी काहीतरी फार मोठं झालेलं आहे. मी पुडीकडं बोट दाखवलं. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि मान हलवली. "तुजा न्हाई ह्यो."

मग माझं डोकं सटकलं. मराठी अगदी दातांपर्यंत आली होती. तोंड उघडलं की बाहेर पडणार. अण्णांनी ते बघितलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्या तोंडात घातला. "गिळ आदी," म्हणाले. मी तो जाड तुकडा रागारागानं चावून गिळला, आणि मग जे बोलायला लागले ते चिनीत. शब्द शोधावे लागले नाहीत. काय म्हणायचंय आणि चिनीत ते कसं म्हणतात, या दोहोंमध्ये जी फट रोज पडायची, ती पडलीच नाही. मी उभी राहून, हातवारे करून, आमच्या मळ्यातून पलीकडच्या बांधावर हाक मारावी एवढ्या मोठ्यानं बोलत होते. तुम्ही माझ्यापासून लपवताय, म्हणाले. तुमचा हात भाजलाय, म्हणाले. भाकरी येत नाही तर केलीत कशाला, मला काय दुधखुळी समजता काय. पाच मिनिटं तरी मी वडिलांना चिनीत फाडून खात होते. शेवटी दम लागला, रडू आलं, आणि शेवटची दोन वाक्यं मी हळू बोलले.

अण्णा मांडीवर हात ठेवून, किंचित पुढं वाकून शेवटपर्यंत ऐकत होते. कीर्तनात बसतात तसे.

बाई फाटकातच थांबल्या होत्या. वहीवर हात आपटून त्या मला म्हणाल्या, "एकही सूर चुकला नाही! एकही नाही!" मग अण्णांकडं वळून मराठीत विचारलं, "काका, तुमची मुलगी काय बोलली, कळलं का?"

"शिव्या आसतील," अण्णा म्हणाले. "पर लई झ्याक बोलली."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, डोक्यावर हात ठेवला आणि ते एसटी पकडायला गेले. मी सगळ्या भाकऱ्या खाल्ल्या. कच्च्या बाजूसकट. रविवारी आईनं फोनवर चेहरा दाखवला, हसली, नेहमीसारखं बोलली. काहीतरी झालेलं आहे हे मला कळत होतं, पण ती हसत होती, तेवढ्यावर मी उरलेले दोन आठवडे काढले. मात्र आता वर्गात माझा आवाज ऐकून खिडकीतले पारवे उडायचे. तोंडी परीक्षेत घरच्या माणसाचं वर्णन करायला सांगितलं, तेव्हा मी जाड भाकरीचं वर्णन केलं. माझा वर्गात पहिला नंबर आला. हे मी उगाच विनय करून लपवणार नाही. पहिला आला.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकदम आपापल्या भाषा बाहेर काढल्या आणि इमारतीत कुणाचं कुणाला ऐकू येईना. मी गप्पच. संस्थेचं शपथपत्र संपलं होतं, माझा भंडारा उतरायचा होता. अण्णा न्यायला आले होते. शिवाजीनगरला आम्ही नाशिकच्या गाडीत गादी चढवली. कंडक्टरनं मला विचारलं, "कुठं?" मी अण्णांकडं बघितलं.

"दोन आळेफाटा," अण्णा म्हणाले. "तिला इचारू नका. ती सध्या चिनी बोलतीया."

कंडक्टरनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग तिकीट तरी मराठीत चालंल ना, राव?" म्हणाला. सगळी गाडी हसली आणि अण्णा सगळ्यांत मोठ्यानं हसले. राजगुरुनगर येईपर्यंत त्यांनी पुढच्या-मागच्या चार बाकांना सांगून टाकलं होतं, की पोरगी पहिली आली, आणि एक सूर चुकत नाही. सूर म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, पण कान तिकडंच होते.

राजुरीच्या स्टँडवर त्यांनी गादी खांद्यावर घेतली आणि सरळ हॉटेलात शिरले. गादी एका खुर्चीवर बसवली, दुसऱ्या खुर्चीवर मला, आणि म्हणाले, "दोन च्या." त्या बाकड्यावरच्या माणसानं बोटांवर आठवडे मोजले. मोजून झाल्यावर उठला आणि चहाचे पैसे त्यानं दिले. अण्णांनी आठ आठवड्यांनी तो चहा बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश संपवला. मला अभिमान वाटला. माझा नाही, त्यांचा वाटला.

तिथून देवळात. ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत आई बसली होती. डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर, शेजारी वॉकर. मी पायरीवरच उभी राहिले. आईनं घरून आणलेली माझी पुडी गुरवानं घाई करून सोडवली, भंडारा देवाला वाहिला, थोडा माझ्या कपाळाला लावला आणि म्हणाला, "झालं. बोल आता."

मी तोंड उघडणार एवढ्यात आई म्हणाली, "थांब जरा. आदी ह्यांचा उतरू दे."

अण्णांनी शर्टाच्या खिशातून दुसरी पुडी काढली. मी भंडारा उचलला त्याच दिवशी, मी देवळाबाहेर चप्पल घालत असताना, त्यांनीही उचलला होता. घरचं काही झालं तरी पोरीला आठ आठवडे कळू देणार नाही. चौथ्या आठवड्यात आई गोठ्यात घसरली, घोट्याचं हाड मोडलं, नारायणगावला ऑपरेशन करून आत स्टीलची पट्टी बसवली. अण्णांना सांगता येत नव्हतं आणि मला मराठीत विचारता येत नव्हतं. कडुलिंबाखालच्या त्या बाकड्यावर दोघंही शब्दानं बांधलेली माणसं बसली होती आणि मधे जाड भाकऱ्या होत्या.

अण्णांचा भंडारा उतरला आणि त्यांना एकदम कंठ फुटला. आई कशी पडली, डॉक्टर काय म्हणाले, पिठात पाणी किती घालायचं हे दवाखान्यातल्या कॉटवरून आई कशी सांगत होती. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. मला राग आला होता, खूप आला होता, आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडतही होते. आठ आठवड्यांनी माझ्या तोंडून पहिलं मराठी वाक्य निघालं ते, "भाकऱ्या लई जाड व्हत्या, अण्णा." "व्हत्या" म्हणाले मी, मोठ्यानं, आणि देवळात कुणीही हसलं नाही.

"खाल्ल्या का पर?" अण्णांनी विचारलं.

"समद्या."

आईनं माझी हनुवटी वर केली. "मला एक सांग. ह्ये आल्यापासनं समद्या गावाला सांगत्यात, पोरगी मला चिनीत लई बोलली. काय बोलली व्हतीस गं त्यांना?"

मी सगळं सांगितलं. लपवताय म्हणाले, हात भाजलाय म्हणाले, दुधखुळी समजता का म्हणाले. अण्णा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, आपला अंदाज बरोबर होता म्हणून.

"आणि शेवटी?" आई म्हणाली. "शेवटी हळू काय बोललीस? ते म्हणत व्हते, शेवटाला आवाज बारीक केला."

मी अण्णांकडं बघून सांगितलं, "मी म्हणाले, मला आत्ताच्या आत्ता घरी यायचंय. पण मी येणार न्हाई, तुमी हाटेलात सांगून आलाय."

अण्णांनी हातावरची हळद पुसली. मग म्हणाले, "मला वाटलं व्हतं, शिव्याच हायेत."